लाकडाला सूर नसतो

मालवणच्या बाजारपेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं ते लग्नपत्रिका, होडीच्या फेरीची तिकिटं नाहीतर बाराव्याची निमंत्रणं घेऊन. काका आले ते मुरकी घेऊन.

"ही छापून हवी," ते म्हणाले.

हातात काहीच नव्हतं. मी कागद मागितला. त्यांनी घसा साफ केला, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि ती गाऊन दाखवली. आवाज बेताचाच होता. झेरॉक्ससाठी थांबलेली एक बाई मागे वळून म्हणाली, "ह्यांका पानी देवा रे कोणीतरी."

काका नात्यातले नव्हेत, वयानं काका. मूळचे देवगडकडच्या जामसंड्याचे. सगळी नोकरी मुंबईत एका कारखान्यात झाली. लेथ मशीनला प्रोग्रॅम लिहून द्यायचे. हत्यार कुठून निघेल, कुठे वळेल, किती वेगानं जाईल, हे सगळं आधी कागदावर. निवृत्त झाल्यावर काकींच्या आग्रहानं आचऱ्याला, त्यांच्या माहेरच्या वाडीत घर बांधलं. आणि तिथलं भजन ऐकून त्यांनी ठरवलं की हे सगळं कोडमध्ये लिहायचं. असं लिहायचं की कॉम्प्युटरनं त्याची स्वरलिपी कागदावर काढावी आणि तीच वाचून गाऊनही दाखवावी.

सा रे ग म लिहिणं सोपं, ते कोणीही करतं, असं त्यांचं म्हणणं. "सूर म्हणजे एस्टीचे थांबे. गाणं दोन थांब्यांच्या मधे असतं." त्या मधल्या रस्त्यासाठी त्यांनी स्वतःची भाषा बनवली होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची ती मींड. तिला सुरुवात, शेवट, वेळ आणि वळण अशा चार नोंदी. वळणाचे प्रकार त्यांनी घाटांवरून ठरवले होते, आधी उतार मग सपाट, किंवा उलट. जाता जाता शेजारच्या सुराला खांदा लावायचा तो कण. चार सुरांची झटपट गिरकी ती मुरकी. सूर हळू झुलवत ठेवायचा ते आंदोलन, जोरानं हलवायचा ती गमक. बाजारात मिळणाऱ्या परदेशी सॉफ्टवेअरबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "मींडेच्या जागी नुसती कमान काढतात. कमान बघून गाता येतं? घाटाच्या पाटीवर गाडी चालते?"

प्रत्येक अलंकाराचं नाव, चित्र आणि आवाज या तीन गोष्टी वेगळ्या, आणि त्या मिसळणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. चित्रांचं काम माझ्याकडे आलं. मी मुरकीसाठी एक छान वेलांटी सुचवली, तर म्हणाले, "ही लग्नपत्रिकेतली आहे. हिच्यात गणपती दिसतो."

तेव्हा मला हे एक फुकट गेलेलं डोकं वाटलं होतं. मग त्यांनी बंदरावरच्या लिलावाची ओरड कोडमध्ये लिहून आणली. लिलाव करणारा शेवटच्या आकड्यावर कसा झोल देतो, ते सगळं. माझ्या दुकानातल्या स्पीकरवर ती वाजवली. शब्द नाहीत, नुसता पिपाणीसारखा यांत्रिक आवाज. बाहेरून पाटी घेऊन चाललेली एक मासेवाली थबकली आणि आत डोकावून म्हणाली, "सुरमय कितीक गेली रे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

घरातही हेच चाललेलं असे. काकींच्या हाकांचं त्यांनी वर्गीकरण केलं होतं. चहा झाल्याच्या 'अहो'ला कण होता. गॅस सिलिंडर संपल्याच्या 'अहो'ला आंदोलन होतं. तिसरा 'अहो' सरळ, बिनअलंकाराचा. "तो ऐकू आला की उठायचं," काका सांगायचे. काकींना मी एकदा विचारलं की ह्यांचं काम तुम्हाला कळतं का. त्या नारळ खवत होत्या. म्हणाल्या, "कळूचा काय त्यात? पयलो माणूस गाता, मगे ह्ये लिवतत, मगे कॉम्प्युटर गाता. पयल्याच वेळाक नीट आयकला असता तर?"

काकांचा एकदा सत्कारही झाला. मालवणात कुठल्याशा सांस्कृतिक मेळाव्यात, शाल, श्रीफळ आणि हातात मावणार नाही असं सन्मानचिन्ह. निवेदकानं त्यांना 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांच्यामधला सेतू' म्हटलं. मग ट्रॉफी देणाऱ्यांना सेतू म्हटलं. शेवटी मंडपवाल्याचे आभार मानताना त्यालाही म्हटलं. उत्तराच्या भाषणात काका एवढंच बोलले: "निवेदक 'अत्यंत' या शब्दावर गमक घेतात. तीही दर वेळी सारखीच. मी लिहून घेतली आहे." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे सभेला बराच वेळ कळलं नाही.

पण काकांचं सगळं शास्त्र एका माणसापाशी येऊन अडायचं, आणि तो माणूस त्यांचा मेहुणा होता.

काकींचे थोरले भाऊ वाडीतले भजनीबुवा. पेटीही तेच वाजवायचे. आवाज खरोखर मोठा, आणि त्याची जाणीव त्याहून मोठी. त्यांच्या घराचा एक मान होता. जत्रेला पालखी प्रदक्षिणा करून देवळात परतली की गजर उचलायचा तो वरच्या वाडीतल्या या घरानं. बुवा पहिली ओळ एकटे संथ गाणार, मग मंडळ आणि पखवाज तुटून पडणार, आणि मगच पालखी आत. बुवांच्या वडिलांनी हेच केलं, बुवा हेच करत आले. एका वर्षी जरी घराकडून गजर उचलला गेला नाही, तर मान खालच्या वाडीतल्या बुवाकडे जायचा. आणि गेलेला मान आमच्या भागात परत येत नाही. कोर्टात गेला तरी.

काकांना या मंडळात जागा नव्हती. ते जावई, त्यातून त्याच वाडीत राहणारे. बुवांनी त्यांना कधी टाळसुद्धा हातात घेऊ दिला नाही. "भावजीनू, तुमी जामसंड्याचे. तुमचो देव थंय," असं म्हणायचे, आणि काकांची पाठ वळली की, अर्थात त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "घरजावय मेलो." पालखीच्या वेळी काका दरवर्षी मंडळाबाहेर, सभामंडपाच्या लाकडी खांबाला टेकून उभे राहायचे, रेकॉर्डर हातात धरून. मला वाटतं, तो सगळा कोड त्या खांबापासून मंडळापर्यंतचं अंतर तोडण्यासाठी होता. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं.

दोघांची एक बैठक मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

"बुवा, ही मींड कुठून कुठवर?"

"घशातसून भायर."

"म्हणजे पंचमापासून?"

"तेका जंयसून येवचा आसा थंयसून येता."

"काल अशी नव्हती."

"काल मी पेडवे खाल्लंय, आज मोरी. मासो बदललो, मगे गळो बदलाचो नाय?"

"टॉलरन्स किती धरू? म्हणजे इकडेतिकडे किती चालेल?"

"माझो टॉलरन्स संपत इलो, भावजीनू."

बुवा मुद्दाम दर वेळी वेगळं गायचे, हे काका सोडून सर्वांना माहीत होतं. काकांनी प्रत्येक वेगळेपण निमूट लिहून घेतलं. गजराच्या एका ओळीच्या त्यांच्याकडे इतक्या आवृत्त्या जमल्या की कॉम्प्युटर उघडला की आधी सुस्कारा टाकायचा.

एकदा माझ्या दुकानात ते त्या गजराचं रेकॉर्डिंग साफ करत बसले होते. खोकला पुसला, शंख पुसला, कुत्रं पुसलं. ओळ संपता संपता एक कोरडा आवाज यायचा.

"काका, ही टक् कसली?"

"पेटीवर बोट आपटतं त्यांचं. सवय वाईट." त्यांनी तीही पुसली. "लाकडाला सूर नसतो."

मग एका वर्षी जत्रेच्या तोंडावर बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली, पण डॉक्टरांनी बजावलं की जत्रा उलटून जाईपर्यंत गाणं सोडा, बोलायचंही नाही. बुवांना मूलबाळ नव्हतं. खालच्या वाडीचे बुवा तब्येतीची चौकशी करायला शहाळी घेऊन आले. "आवाजाक जपा हां बुवा. गजराची काळजी करू नकात, आमी आसवच," असं गोड सांगून गेले. बुवांनी शहाळी ठेवून घेतली. तोंडानं बोलायची बंदी होती, म्हणून शिवी चेहऱ्यानं दिली.

संध्याकाळी मानकऱ्यांची बैठक बसली. कोणीतरी म्हणालं, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावा. आणि काका, ज्यांना बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता, दारातून बोलले.

"रेकॉर्डिंग नको. तो गजर देवाला गेल्या वर्षीच पोचला. वाहिलेलं फूल परत वाहता काय?"

मुद्दा शास्त्राला धरून होता.

"माझा कोड तसा नाही. तो दर वेळी नव्यानं गातो. बुवांचाच गजर, पण ताजा."

"पण कॉम्प्युटर खंयच्या घराण्यातलो?" खालच्या वाडीच्या बुवांनी विचारलं. "आणि बटन दाबतलो कोण? ह्ये दाबतले तर मान जामसंड्याक गेलो."

बराच खल होऊन ठरलं की बटण बुवांनी स्वतः, पेटीपुढे बसून दाबायचं. आणि तेही देवाची हरकत नसेल तर. दुसऱ्या दिवशी कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या हातसून काय तरी मशिनीचा कारण घडता हा, तुका मान्य आसात तर उजवो दी." लेकरं 'व्हय म्हाराजा' म्हणाली. देवानंही विचाराला वेळ घेतला. शेवटी उजवी पाकळी पडली. खालच्या वाडीचे बुवा म्हणाले, वारा होता.

आता प्रश्न असा की एवढ्या आवृत्त्यांतली खरी कुठली. काका लॅपटॉप घेऊन बुवांच्या ओटीवर जाऊन बसले. मेहुणा प्रथमच उलट बोलू शकत नव्हता, हा त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ असायला हवा होता. बुवा पेज पीत होते. काकांनी पहिली आवृत्ती वाजवली. बुवांनी डोळे मिटले. ओळ शेवटच्या वळणावर आली, संपली, आणि बुवांनी चमचा वाडग्यावर हाणला. ठण्. मान डावीकडून उजवीकडे हलली.

"चूक," काका म्हणाले, आणि दुसरी लावली.

शेवट आला. ठण्. मान आडवी.

काकांनी शेवटची मींड आखडली. ठण्. मुरकी काढून कण घातला. ठण्. कण काढला, आंदोलन दिलं, वळण बदललं, वेळ अर्धा केला. प्रत्येक वेळी त्याच जागी ठण्, आणि आडवी मान. पुढचे दिवस मी काकांना दुकानात बघत होतो. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "त्या एका जागी काहीतरी आहे, आणि ते मला लिहिता येत नाही," म्हणायचे. लिहिता न येणारी गोष्ट ते आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करत होते. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या आवृत्त्यांतली जी बुवांनी सगळ्यात हळू वाडगा वाजवून नाकारली होती, ती त्यांनी पक्की केली.

जत्रेला मीही गेलो. तिन्हीसांजेला पालखी प्रदक्षिणा करून दारात आली. सभामंडपात बुवा पेटीपुढे बसलेले, पेटीवर लॅपटॉप, लॅपटॉपची वायर देवळाच्या कर्ण्याला. समोर टाळकरी, पखवाजावर हात धरलेला. काका आपल्या खांबापाशी. बुवांनी देवाला हात जोडले, बटणालाही जोडले, आणि दाबलं.

कॉम्प्युटरनं गजर उचलला. पिपाणीचा आवाज होता, पण वळणं बुवांची होती. लोकांच्या माना डोलल्या. ओळ उतरत उतरत शेवटच्या वळणावर आली, बरोबर टेकली, आणि

मंडळातलं कोणीच तुटून पडलं नाही. टाळ वर उचललेले तसेच. पखवाजवाल्याचा हात हवेत. सगळं मंडळ कशाची तरी वाट पाहत होतं आणि कशाची ते कोणालाच सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरला वाट पाहणं माहीत नव्हतं. तो पुन्हा तीच ओळ एकटाच गाऊ लागला. पालखीचे भोई उंबऱ्यावर एक पाय टाकून खोळंबले. खालच्या वाडीच्या बुवांनी हळूच झांज वर केली आणि छाती भरून श्वास घेतला.

बुवा घामाघूम होऊन लॅपटॉपकडे बघत होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते, मशीनला धक्का लागू नये म्हणून. ओळ परत उतरत होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं काकींचा आवाज आला. कण नाही, आंदोलन नाही. तिसरा.

"दादा, ठोक मरे!"

बुवांचा हात सुटला. पेटीच्या कडेवर बोटाचा सांधा आदळला. टक्.

आणि देऊळ कोसळल्यासारखं मंडळ तुटून पडलं. पखवाज, टाळ, झांजा, शंभर गळे. पालखी आत आली. खालच्या वाडीच्या बुवांनी घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. कर्ण्यातून कॉम्प्युटर पुढच्या सगळ्या ओळी अलंकारांसकट अचूक गात होता, असं काका नंतर सांगायचे. त्यांच्याशिवाय तो कोणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तोच काका हजर.

"ते नाकारत नव्हते," ते म्हणाले. "चमचा. ते नाकारत नव्हते रे. ते वाजवत होते."

"आणि मान?"

"डोलत होते." ते स्टुलावर बसले. "आडवी मान म्हणजे नाही, असं मी धरलं होतं."

बुवांनाही पत्ता नव्हता की आपण ठोकतो. हात आपला आपण करायचा. खुलासा काकींनी केला, सकाळी चहा ओतताना. वडिलांच्या वेळी पेटीची एक पट्टी दमट हवेनं फुगून अडकायची. पुढच्या ओळीला तोच सूर लागायचा, म्हणून ते गाता गाता पेटीला एक ठोसा द्यायचे, पट्टी सुटायची, आणि मंडळ सुरू. "मगे पेटी दुरुस्त केलानी," काकी म्हणाल्या. "ठोकूचा ऱ्हवला."

म्हणजे ज्याला आम्ही गजराचा प्राण समजून बसलो होतो, ती दुरुस्ती होती. मला हे फारच आवडलं. काकांना नाही. लाकडाला सूर नाही, पण आवाज आहे. आवाज आहे तर नाव हवं, चित्र हवं. त्या दिवशी त्यांनी माझ्या दुकानातलं सगळं लाकूड ठोकून पाहिलं. काउंटर, दार, प्लायवूडचं कपाट, स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक उठवून स्टूल. चित्र म्हणून एक लहान भरीव चौकोन ठरला. नाव 'टक्'. आणि अलंकारांच्या सूचीत शेवटी व्याख्या आली: 'गायकाने उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्याने पेटीच्या डाव्या कडेवर मारावी. एकदाच.' मी ते छापून, लॅमिनेट करून दिलं. त्याची एक प्रत बुवांकडे गेली. बुवांनी ती पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून ठेवली.

पुढच्या जत्रेपर्यंत बुवांचा आवाज परत आला होता. पूर्वीचा नाही, थोडा खरखरीत, पण काम करणारा. लॅपटॉपची गरज उरली नव्हती. काका नेहमीसारखे खांबाला टेकून, हातात माझ्याकडे छापलेला कागद. पालखी दारात आली. बुवांनी गजर उचलला. ओळ उतरत आली, शेवटच्या वळणावर टेकली. बुवांनी उजवा हात उचलला, मधलं बोट वाकवलं, आणि हात हवेतच धरून ठेवला.

टाळ थांबले. भोई थांबले. खालच्या वाडीच्या बुवांच्या डोळ्यांत आशा आली.

बुवा काकांकडे बघत होते. भुवया वर.

काकांनी मागे वळून पाहिलं, हे कोणाकडे बघतात म्हणून. मागे खांब होता. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. काकांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. शाळेत पहिल्यांदा हजेरी घेताना नाव पुकारलेल्या मुलाचा असतो तसा. त्यांनी कागद डाव्या हातात घेतला, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं, आणि खांबावर मारली. एकदाच.

टक्.

गजर फुटला. बुवा पेटीवर वाकले ते हसत होते की गात होते, सांगता येत नव्हतं.

सकाळी काका दुकानात आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"सूचीत दोन दुरुस्त्या आहेत," ते म्हणाले. "शेवटची व्याख्या दाखव."

मी फाइल उघडली.

"'पेटीच्या डाव्या कडेवर' खोड. 'जवळच्या लाकडावर' लिही."

लिहिलं.

"आता पहिला शब्द. 'गायकाने' काढून टाक."

"मग काय घालू?"

काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पडद्यावर ती जागा नीट बघून घेतली.

"'घरजावयाने'," ते म्हणाले. "आणि ठळक टायपात."